सात माणसं आणि इंदूर-पुणे प्रवास: एसयूव्ही की एमपीव्ही?

राजेंद्रनगरवाला
घरात आम्ही दोघं, दोन मुलं, आई-बाबा आणि आत्या. सगळे मावतील अशी एकच गाडी घ्यायचं ठरलंय. मला महिंद्राची स्कॉर्पिओ-एन हवी, म्हणजे एसयूव्ही, उंच आणि दणकट; बायको मारुतीच्या अर्टिगावर अडून आहे, म्हणजे एमपीव्ही, घरच्या सगळ्यांना बसायला सोयीची गाडी. माझं मत आधीच सांगतो. पुण्याला जायचं म्हणजे सेंधव्यापुढे बिजासन घाट आणि परतताना मानपूरची चढण. सात माणसं नि सामान भरल्यावर अर्टिगाचं १,४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन धापा टाकणार, आणि अर्टिगात डिझेल आता मिळतही नाही. स्कॉर्पिओच्या २.२ लिटर डिझेलला चढावर ओढ आहे, बसणं उंच, पुढचा रस्ता नीट दिसतो. शिवाय टॅक्सीवाल्यांची गाडी दारात कशाला उभी करायची?

घाटमार्गी
शंभर टक्के सहमत. चढावर ट्रकला ओव्हरटेक करताना तिसऱ्या गिअरवर घ्यावं की दुसऱ्या, यात जे दोन सेकंद जातात ते मला नकोत. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्ही गाड्यांवर सारखाच ४० टक्के जीएसटी आहे. पूर्वी सेस (वरचा जादा कर) धरून स्कॉर्पिओवर ५० आणि अर्टिगावर ४५ टक्के होता. तोही फरक मिटला.

काकू_लोकमान्यनगर
टॅक्सीवाले चालवतात ही तर शिफारस झाली! ज्यांचं पोट गाडीवर आहे ते हौसेखातर गाडी निवडत नाहीत.

मला एवढंच सांगा, तिसऱ्या रांगेत कोण बसणार? स्कॉर्पिओ शिडीसारख्या चासीवर (खालच्या पोलादी चौकटीवर) बांधलेली गाडी. चासीच्या वर फरशी, म्हणून फरशी उंच येते. छत त्या मानाने वर नेता येत नाही, मग मागची सीट फरशीलगत ठेवावी लागते आणि गुडघे छातीशी येतात. अर्टिगात अशी वेगळी चासी नाही, त्यामुळे फरशी खाली. आत्याबाई साडी सावरत, दांडा धरून, पुढची सीट उलटवून मागे चढणार का? धुळ्यापर्यंत पाय आखडून बसणार का? इंजिनाची ओढ तुम्हाला घाटात तासभर लागेल. सीट त्यांना दिवसभर लागणार आहे.

मल्हारगंजी
काकूंना माझं मत. आमच्या गल्लीत भिंतीला खेटून गाडी लावली की दार अर्धंच उघडतं. अमेरिकेतल्या मिनिव्हॅनना सरकती दारं असतात, क्रायस्लरने १९८४ च्या मॉडेलपासूनच दिली होती. आपल्याकडे ती सोय गरिबाच्या ओम्नीत होती, २०१९ ला ती बंद झाली. आता सरकतं दार हवं तर किआची महागडी कार्निव्हल घ्या. म्हणजे उरली मारुतीची ईको, ती तुम्ही घेणार नाही. (सराफ्यात तर यातली कुठलीच शिरत नाही, तिथं पायीच.)

पाचतारा
सोयीचं सगळं ठीक आहे, सुरक्षेचं कोणी बोलतच नाही. २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपने (गाड्या आदळून पाचपैकी तारे देणारी संस्था) दक्षिण आफ्रिकेत विकली जाणारी अर्टिगा तपासली, मोठ्यांसाठी एक तारा मिळाला. स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये पाच. बायको-मुलांना घेऊन ८० च्या वेगाने जाताना मला साडीची नाही, पत्र्याची काळजी असते.

काकू_लोकमान्यनगर
अर्धंच सांगितलंत. स्कॉर्पिओला २०२२ च्या त्याच चाचणीत मुलांसाठी तीनच तारे आहेत. आफ्रिकेतली ती अर्टिगा दोन एअरबॅगची होती, आपल्याकडे २०२५ पासून सहा मिळतात. आणि समोरून धडक देतात तेव्हा मोठ्यांचे पुतळे पुढच्या सीटवर आणि मुलांचे दुसऱ्या रांगेत असतात. तिसरी रांग रिकामी. म्हणजे आत्याबाई जिथं बसणार तिथलं तुमच्या पाच ताऱ्यांना ठाऊकच नाही.

पाचतारा
सहा एअरबॅग लावल्याने सांगाडा मजबूत होत नाही, काकू. त्या चाचणीत अर्टिगाचा सांगाडाच अस्थिर ठरला होता. तिसऱ्या रांगेचं म्हणता तर ते दोन्ही गाड्यांना लागू. तारे हवेत आणि सीटही हवी तर टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस बघा, २०२५ मध्ये भारत एनकॅपचे (आपल्याकडची तशीच चाचणी) पाच तारे मिळालेत. बजेट वाढवा.

राजेंद्रनगरवाला
भिया, बजेट वाढत असतं तर हा धागा काढला असता का? पण सामानाचं कोणी बोललं नाही. स्कॉर्पिओत तिसरी रांग वापरली की मागे नावालाच जागा उरते, हे मान्य.

घाटमार्गी
अर्टिगात तरी कुठे? तिन्ही रांगा भरल्यावर २०९ लिटर, दोन बॅगा गेल्या तर नशीब. मायलेजसाठी सीएनजी घेतलीत तर तिथं सिलिंडर येतो. टपावर कॅरिअर दोन्हींना लागणार. माझा सरळ सल्ला: रोजच्याला पाच सीटची गाडी घ्या आणि पुण्याला ड्रायव्हरसकट इनोव्हा भाड्याने न्या.

मल्हारगंजी
ओंकारेश्वर, उज्जैन, महेश्वर, दर महिन्याला कोणाचं ना कोणाचं काही असतंच. प्रत्येक वेळी भाड्याची बोलावणार?

काकू_लोकमान्यनगर
शोरूमला सातही जणं जा. चाचणीची फेरी मारताना स्टिअरिंग बायकोच्या हातात द्या आणि तुम्ही स्वतः तिसऱ्या रांगेत बसा. राऊपर्यंत जाऊन या, मग बोलू.

राजेंद्रनगरवाला
मी मागे मावणार नाही हो. आत्या पुढे बसेल, बाबा मागे.

काकू_लोकमान्यनगर
बाबांना विचारलंत?