शिकारीच्या सीझनआधी ट्रेल कॅमेऱ्याच्या (रानात बांधलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या) फोटोंवरून व्हाइटटेल हरणाच्या नराचं वय कसं ओळखायचं?

मेसनकर
टेक्सासच्या हिल कंट्रीत, मेसन काउंटीत १८० एकरची लीज (शिकारीसाठी भाड्याने घेतलेलं रान) आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी जनरल सीझन उघडतो. मालकाची अट एकच: साडेचार वर्षांखालचा नर मारायचा नाही. सप्टेंबरअखेरच्या फोटोंत तीन नर वारंवार दिसतात.
अ: शिंगांना मिळून दहा टोकं, शिंगं कानांच्या बाहेर चांगली दोन बोटं, पण कंबर बारीक.
ब: फक्त सात टोकं, एक बाजू आखूड. अंगाने जाड, पाय बुटके वाटतात.
क: आठ टोकं, छाती भरलेली, पोट मात्र सपाट.
तिघांचीही मान बारीकच दिसते. मानेवरून ठरवावं असं सगळीकडे वाचतो, मग आता काय करायचं?

रानवाट
सप्टेंबरात मान बघूच नका. मान फुगते ती माजाच्या दिवसांत, आणि तुमच्या भागात माजाचा जोर नोव्हेंबरात असतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला शिंगांवरची मखमल (वाढत्या शिंगांवरची केसाळ कातडी) नुकतीच झडलेली असते, त्यामुळे महिनाअखेरीस सहा वर्षांचा नरसुद्धा मानेने तरणा वाटतो. ऑक्टोबरअखेरचा फोटो आणि आत्ताचा फोटो शेजारी ठेवले तर एकच जनावर आहे यावर विश्वास बसत नाही.

आत्ता बघायच्या गोष्टी तीन: छाती, पोटाची रेघ, पाय. नर पूर्ण आडवा उभा असलेला फोटो घ्या. पुढच्या कोपराच्या मागे छातीचा तळ जिथे येतो तिथून मागच्या जांघेपर्यंत एक रेघ ओढा.

दीड वर्षाचा नर म्हणजे शिंगं लावलेली मादी. लांब पाय, बारीक मान, पोटाची रेघ जांघेकडे वर चढलेली. अडीचला अंग थोडं भरतं, पण पाय अजून लांबच दिसतात. साडेतीनला छाती पुठ्ठ्यांपेक्षा भारी दिसू लागते, कंबर मात्र आवळलेली राहते. फसगत इथेच होते, कारण जनावर देखणं आणि "पुरं" वाटतं. साडेचारला पोटाची रेघ छातीच्या तळाशी समांतर येते आणि पाय आखूड भासायला लागतात. पाय आखूड होत नाहीत, धड खाली येतं. त्यापुढे पोट सुटतं, पाठीला बाक येतो, माजात मान थेट छातीत मिसळते. आठच्या पुढे कातडी सैल पडते आणि शिंगंही उतरणीला लागतात.

या हिशेबाने तुमचा अ अडीचचा असावा, फार तर साडेतीनचा. क साडेतीनचा वाटतो. ब हाच साडेचार किंवा वरचा. शिंगं बघून निवड केली असती तर नेमका अ गेला असता.

शेंडी_टोक
रानवाट यांच्याशी सहमत, फक्त शिंगांना अगदीच मोडीत काढू नका. शिंग वयाबरोबर वाढतं, साधारण पाच ते सात वर्षांत सगळ्यात मोठं होतं. घोळ असा की चाऱ्याचं वर्ष चांगलं गेलं तर अडीचचा नर दुष्काळातल्या साडेचारच्या नरापेक्षा मोठी शिंगं घालतो. म्हणून शिंग ओळख पटवायला वापरा, वय ठरवायला नको. ब ची आखूड बाजू, कपाळाजवळच्या टोकाला फाटा, बुंध्याची जाडी, हे टिपून ठेवा. शिंगं दरवर्षी गळून नवी येतात, तरी ढाचा बराचसा तोच राहतो. जानेवारी ते मार्चमध्ये गळालेली शिंगं सापडली तर जपा. मागच्या वर्षीच्या फोटोंत तोच नर सापडला आणि तेव्हाच तो भरलेल्या अंगाचा असेल, तर त्याच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

आणखी एक. काही काउंट्यांत शिंगांच्या आतल्या बाजूचं अंतर किमान १३ इंच लागतं, किंवा निदान एक शिंग बिनफाट्याचं असावं लागतं. कान टवकारलेले असताना दोन कानांच्या टोकांमधलं अंतर साधारण तेवढंच, म्हणून शिकारी कानांवरून मोजतात. हा कायद्याचा निकष आहे, वयाचा नव्हे. खाऊन पिऊन सुखी अडीचचा नर १३ इंच सहज ओलांडतो. तुमच्या काउंटीला काय लागू आहे ते यंदाच्या नियमांत बघून घ्या.

कुरणवाला
फोटो चुकीचे असतील तर ही सगळी चर्चा वाया. कॅमेरा फीडरवर (चारा टाकणाऱ्या यंत्रावर) रोखला असेल तर मान खाली घातलेले फोटोच जास्त मिळतात. मान खाली गेली की खांदा पुढे सरकतो, छाती खोल दिसते, आणि अडीचचा नर साडेचारचा होतो! कॅमेरा फीडरकडे येणाऱ्या पायवाटेवर, वाटेला काटकोनात लावा. उंची तीन फूट, म्हणजे साधारण नराच्या छातीइतकी. झाडावर उंच बांधून खाली वाकवला तर पाय आखूडच दिसणार. अंतर १२ ते १५ फूट ठेवा. त्याहून जवळ गेलं की भिंगाच्या कडेला डोकं मोठं होतं आणि मागचं अंग आकसतं. तोंड उत्तरेकडे, नाहीतर सकाळ-संध्याकाळ ऊन थेट भिंगात. एका वेळी तीन फोटो. पुढच्या चौकटींत मान वर केलेला एखादा मिळतोच.

रात्रीच्या इन्फ्रारेड फोटोत पोटाखालचा पांढरा भाग इतका उजळतो की पोटाची रेघच पुसली जाते. त्यावर वय ठरवू नका. अंगावर केस कुठले आहेत तेही बघा: उन्हाळ्याचा तांबूस कोट पातळ असतो, त्यात बरगड्या दिसतात, राखाडी हिवाळी कोटात तोच नर पाच किलोने वाढल्यासारखा वाटतो. १८० एकराला दोन कॅमेरे पुरे. मका टाकत असाल तर भिजलेला, बुरशी आलेला नको.

मेसनकर
ब चा दिवसाचा आडवा फोटो मिळाला. पोटाची रेघ छातीच्या तळाइतकी खाली, पाठ किंचित खोलगट. पण बरगड्या दिसताहेत. म्हातारा की उपाशी?

रानवाट
उन्हाळा कोरडा गेला असेल तर दोन्ही. उपाशी तरणा नर कमरेतून आत जातो, त्याची पोटाची रेघ वर चढते. वयस्क नर वाळला तरी छातीचा सांगाडा खोलच राहतो आणि पाठीचा बाक जात नाही. ब साडेपाच किंवा वरचा धरा. नेमकं वर्ष सांगण्याच्या भानगडीत पडू नका. फोटोवरून अनुभवी जीवशास्त्रज्ञसुद्धा एका वर्षाने सर्रास चुकतात. दीड, अडीच-साडेतीन आणि साडेचार किंवा वर, असे तीन कप्पे पुरतात. मधल्या आणि वरच्या कप्प्यात अडकलात तर मधला समजून सोडून द्या.

दुसा_चौसा
नंतरची पडताळणी राहिली. आपल्याकडे बैलबाजारात ओठ उचलून पुढचे दात बघतात: आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळला. हरणाला ते लावू नका, त्याचे पुढचे दात साधारण वर्षभरातच सगळे कायमचे होतात. खालच्या जबड्याच्या दाढा बघायच्या, एका बाजूला सहा. सहापेक्षा कमी असतील तर यंदाचं पाडस. सहा आहेत आणि तिसरी तीन उंचवट्यांची, झिजलेली, तर दीड वर्ष. कधी कधी ती पडून खालून पांढरीशुभ्र दोन उंचवट्यांची दाढ डोकावत असते, तेही दीडच. इथवर चूक होत नाही. तिसरी दोन उंचवट्यांची आणि नीट स्थिरावलेली असेल तर अडीच किंवा वर, आणि तिथून पुढे झिजेवरून काढलेलं वय अंदाजच. वाळूमिश्रित चाऱ्यावर दाढा लवकर झिजतात.

प्रयोगशाळेत दाताच्या मुळावरची वर्षागणिक पडणारी वर्तुळं मोजून घ्यायची असतील तर पुढचे मधले दोन दात मुळासकट काढा. मूळ तुटलं तर उपयोग नाही. उकळू नका, आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. टेक्सासच्या सौम्य हिवाळ्यात वर्तुळं उत्तरेइतकी ठसठशीत उमटत नाहीत, हे मात्र धरून चाला.

शेंडी_टोक
लीजवर चितळ असतील तर यातलं कॅलेंडर त्यांना लावू नका. ते बाहेरून आणलेले, प्रजनन वर्षभर चालतं, आणि एकाच कळपात एकाच्या शिंगांवर मखमल तर दुसऱ्याची शिंगं कडक असतात. काळवीट आणखी वेगळे: त्यांची शिंगं गळत नाहीत, त्यामुळे तिथे शिंगांचे पीळ आणि पाठीचा काळेपणा एकत्र बघावा लागतो. व्हाइटटेलला मात्र आता एकच काम: ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ब चा त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून पुन्हा फोटो घ्या आणि या वेळी मान बघा.