अनुभव धागा : बहिणी, लांबचा रस्ता आणि शेवटचा घाट

फोंडा (सुरुवात माझ्यापासून)

यंदा गणेश चवथीला घरी माणसं जमली तेव्हा सहज मोजलं. ओळखीतल्याच पाच-सहा जणी बहिणीला घेऊन गाडीने अर्धा देश हिंडून आल्या आहेत. ताजमहालासमोरचे फोटो सगळ्यांकडे आहेत, ते नकोत. मला परतीचं ऐकायचंय. चोर्ल्याने गोव्यात उतरलात की अनमोडने, आंबोलीने की पोळ्याच्या बाजूने, आणि घर हाकेवर आल्यावर काय झालं? बहीण सख्खीच हवी असं नाही. नावं घालू नका, गाव पुरे.

आमचं सांगते. साल २०२२, ताई ५४ वर्षांची, मी ४९. घटस्थापना झाली आणि दुसऱ्या दिवशी निघालो. आधी खाली कन्याकुमारी, मग तिथून राष्ट्रीय महामार्ग ४४ धरून थेट श्रीनगर. सात जुने महामार्ग जोडून हा एक क्रमांक केलेला आहे, त्यामुळे वाटेत जुन्या माणसांना रस्ता विचारला की ती अजून जुन्या क्रमांकाने 'सात नंबर'च म्हणतात. नागपूरच्या पुढे पेंचच्या जंगलात रस्ता खांबांवर उचललाय आणि खालून जनावरं जातात. ताईने तिथे गाडी इतकी हळू घेतली की मागचा ट्रकवाला वैतागला. वाघ काही दिसला नाही. बनिहालचा नवा साडेआठ किलोमीटरचा बोगदा संपून काझीगुंडला बाहेर पडलो, तेव्हा दोघी पाच मिनिटं गप्प होतो. आमच्या बाबतीत हे फार झालं.

डिकीत उकडे तांदूळ, आमसुलं आणि सुक्या सुंगटांची बरणी. बरणीचं झाकण मदुराईच्या आसपास सैल झालं, तो वास अजून गाडीत आहे. आणि वाटेत प्रत्येक जण विचारायचा, 'अकेली?' आम्ही दोघी समोर उभ्या, तरी 'अकेली'!

सत्तावीस दिवस, आठ हजारांवर किलोमीटर, एक पंक्चर. कणकुंबीला धुकं लागलं, उतारावर काळोखात अंजुण्याच्या धरणाचं पाणी चमकलं, ताई म्हणाली, "पावलो गे." कसल्या पावतो! ती नरकासुराची रात्र होती, हे आम्ही दोघी साफ विसरलो होतो. केरीपासून दर वाड्यावर नरकासुराचा एक पुतळा, त्याच्यापुढे भिंती हलतील असं संगीत, आणि रस्ता बंद. साखळीत पाऊण तास, उसगावात अर्धा. फोंड्यात तर गाडी बंद करून बोनेटवर बसलो. कन्याकुमारी ते काश्मीर एवढे कुठे अडकलो नव्हतो तेवढे घरापासून दोन किलोमीटरवर अडकलो.

पावणेचारला दारात. आई ८१ वर्षांची, अभ्यंगाचं तेल कोमट करून बसलेली. मिठी वगैरे आमच्याकडे नसते. म्हणाली, "चपला काढा नि तुळशीकडे चला, कारीट फोडायचंय." पंजाबच्या धुळीने भरलेल्या पायाने मी कारीट फोडलं. मग आंघोळ, मग पाच तऱ्हांचे पोहे. कसा झाला प्रवास, हे तिने थेट पाडव्याला विचारलं.

म्हापसा

आमचे बाबा म्हापशाच्या बाजारात पायलट होते. बाहेरच्यांना सांगावं लागतं, की विमानाचा नव्हे, पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलचा. आम्ही दोघी त्याच गाडीवर शिकलो. २०२३ च्या जुलैत दोन बाईक घेऊन लेह केलं. मनालीवरून गेलो. आता अटल बोगद्यामुळे रोहतांग चढावा लागत नाही, नऊ किलोमीटरमध्ये लाहौलला निघता. तांदीच्या पंपावर ती प्रसिद्ध पाटी आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. आम्ही टाक्या भरल्या, वर पाच-पाच लिटरचे कॅन बांधले. धाकटीचा हिशेब पक्का, थेंबाथेंबाचा. 'तांगलांग ला' ही खिंड ५३२८ मीटर. तिथे डोकं असं धरलं की हेल्मेट काढताना मी रडले. लेहला दोन दिवस नुसतं पडून राहा म्हणतात ते ऐका. आम्ही चढताना घाई केली आणि भोगलं.

परतताना दिल्लीपर्यंत चालवत आलो, मग बाईक रेल्वेत टाकल्या आणि आम्ही 'मंगला'ने मडगावला. पार्सलात गाडी घालायची तर टाकी रिकामी करून द्यावी लागते. हे ठाऊक होतं. मडगावला उतरल्यावर पेट्रोल लागेल, हे मात्र दोघींच्याही डोक्यात नाही! पंपवाला बाटलीत देईना. पावसात, लेह करून आलेल्या दोघी, स्टेशनपासून बाईक ढकलत. एका मडगावच्या पायलटने थांबून विचारलं, "खंयच्यान आयल्यो?" लडाखहून म्हटल्यावर तो जो हसला! पण एक बाईक पंपापर्यंत त्यानेच ढकलली. बाबांचं नाव सांगितलं, तर ओळखीचा निघाला. मग चहाचे पैसे पण घेईना.

घाट सांगायला नाही आमच्याकडे. जुवारीचा नवा पूल धरा हवं तर.

काणकोण

आम्हाला कसला घाट! माजाळी गेली, पोळे आलं, अर्ध्या तासात चावडी, म्हणजे काणकोणचा बाजार. रामेश्वर करून येत होतो, मी आणि मावसबहीण. धनुष्कोडीच्या टोकापर्यंत आता डांबरी रस्ता आहे. १९६४ च्या वादळात वाहून गेलेल्या गावाचं चर्च, स्टेशन, नुसत्या भिंती उभ्या आहेत. आईने सांगितलं होतं म्हणून तिथली मूठभर वाळू आणली. घरी आल्यावर आई म्हणते, ही काय घरात ठेवायची असते? ही काशीला न्यायची! म्हणजे अर्धीच यात्रा झाली म्हणे. वाळू अजून डब्यात आहे. परवा नवऱ्याने तो डबा रव्याचा समजून उघडला.

वास्को

सगळ्या गोडच लिहितायत म्हणून मी लिहिते. मी आणि माझी मोठी बहीण जयपूरहून वेगवेगळ्या परत आलो. भांडण टोलवरून. फास्टॅग माझा, त्यामुळे पैसे माझ्या खात्यातून जायचे आणि तिला वाटायचं टोल फुकट आहे. हे वरवरचं कारण. खरं म्हणजे आई आजारी असताना कोण किती दिवस राहिलं, ते निघालं. बंद गाडीत दहा-दहा तास बसल्यावर निघतंच. ती रेल्वेने गेली, मी एकटीने गाडी आणली, चार दिवस. आंबोलीला थांबून एक भजी-प्लेट मागवली आणि सवयीने दोन चहा सांगितले.

आठ महिने झाले. बोलत नाही.

डिचोली

माझं वय ७४. भाची टाइप करते आहे, चुका तिच्या.

काणकोणच्या बाई, तुमची आई बरोबर बोलते. रामेश्वरची वाळू गंगेत आणि गंगेचं पाणी रामेश्वरला. डबा रव्यापासून लांब ठेवा.

मी आणि माझी धाकटी, दोघीही विधवा, २०१९ ला भाचीच्या गाडीने काशीला गेलो. मुलगे म्हणाले, विमानाने जा. मी म्हटलं, यात्रा म्हणजे वाट आली. तरी ठरेना, म्हणून देवळात प्रसाद लावला, म्हणजे पाकळ्या लावून कौल मागितला. देवीने उजवी पाकळी दिली, मग मुलगे काय बोलणार? धाकटी मात्र आजतागायत म्हणते की वारा आला होता.

गाडीत भाचीची गाणी. त्याला गाणी म्हणायची तर मिक्सरलाही म्हणा. (हे मी टाइप करणार नव्हते. – भाची) जबलपूरपर्यंत सहन केलं, पुढे रेव्याला मी सात बहिणींची गोष्ट सांगायला घेतली. आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. घाटावरून सात बहिणी आणि एक भाऊ, खेतोबा, गोव्यात उतरले आणि मग ज्याची-त्याची वाट वेगळी झाली. लईराई शिरगावात राहिली, मोरजाई मोरजीला, केळबाय मुळगावात. मिराबाई म्हापशाला, तीच मिलाग्रीस सायबीण असं हिंदू-ख्रिस्तांव दोघेही मानतात. एक तर समुद्रात अंजदीव बेटावर गेली. धाकटी म्हणाली, त्यांचं बरं होतं, जवळपास तरी राहिल्या बहुतेक जणी. ती लग्न करून हुबळीला, मी इथे. चाळीस वर्षांत आम्ही सलग चार दिवसांहून जास्त एकत्र नव्हतो. त्या वेळी एकवीस राहिलो.

चोर्ल्याने उतरलो. ती बेळगावलाच उतरून हुबळीची बस धरणार होती. बेळगाव आलं, गेलं, ती काही बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही. मावंदं होईपर्यंत राहिली. गंगेच्या तांब्याची पूजा, शंभर पानं, खतखतं, मणगणं. मग गेली.

साखळी

मी भाऊ. चालतं ना? दोन्ही बहिणी तीन आठवडे राजस्थानात, आणि इथे आई, दोन कुत्रे, अडीचशे माडांची पाडणी माझ्याकडे. रोज रात्री फोन, "कुत्र्याला औषध दिलं?" मी कसा आहे, हे एकदाही नाही. आल्यावर मला एक जयपुरी पगडी दिली. कुठे घालू ती, शिगम्यात?

इंदूर, मूळची केपे

आमचा प्रवास हिंडण्याचा नव्हता. बाबा गेल्यावर घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीचं प्रकरण, लागली. बाहेरच्यांसाठी : गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून मुलीचा वाटा मुलाएवढाच. लग्न झालं तरी सुटत नाही. उलट नवराही त्यात येतो, त्याची सही लागते. एकाच वस्तूवर दोघांचं मन असलं तर वारसांनी आपसात बोली लावायची.

तिघी बहिणी, भाऊ नाही. मी इंदूरला, मधली बडोद्याला, धाकटी पुण्याला. मी एकटी गाडी घेऊन निघाले, बडोद्याला एक उचलली, पुण्याला दुसरी. शाळेची बस गोळा करत जाते तशी. नवऱ्यांना सांगितलं, तुम्ही सहीच्या दिवशी विमानाने या. एक दाबोळीला उतरला, दोन मोपाला. सह्या केल्या, मासळी जेवले, दुसऱ्या दिवशी परत.

बडोदा ते पुणे मधलीशी घराबद्दल अवाक्षर नाही, पुण्यापुढे तिघींचंही नाही. अनमोड उतरताना धाकटीने विचारलं, "बोली लावायची नाही ना कोणी?" मी म्हटलं नाही. मधली खिडकीबाहेर बघत होती. मोले आलं, सावर्डे आलं. केप्याच्या अलीकडे ती म्हणाली, "मला रगडो हवा." घर नको, बागायत नको, आईचा मसाला वाटायचा रगडो! त्याला कागदावर किंमत तरी काय लावणार?

पण तो मलाही हवा होता. पुण्यापासून मी डिकीतली जागा मनात मोजत होते. मी बोलले नाही. आता इथे लिहितेय, ती वाचत असेल तर वाचू दे.

घर शेवटी कोणालाच एकटीला परवडेना. तिघींच्या नावावर आहे, किल्ली शेजारच्या काकांकडे. परतताना मागच्या सीटखाली रगडो, त्याला जुनी गोधडी गुंडाळलेली, आणि वरवंटा धाकटीच्या पायाशी. गाडीच्या मागच्या बाजूने रस्ता घासतोय असं वाटत होतं. पुण्याला धाकटी उतरली. बडोद्याला चार माणसांनी रगडो उतरवला. मधलीच्या सोसायटीचा वॉचमन म्हणाला, "बेन, इसमें क्या भरके लाए हो?" तिथून इंदूरपर्यंत गाडी इतकी हलकी लागली की मी दोनदा थांबून मागे पाहिलं.

फोंडा

केप्याच्या ताई, मसाला कधी मागवलात का तिच्याकडून?

इंदूर, मूळची केपे

दर दिवाळीला शागोतीचं वाटण सुकं करून पाठवते. मिक्सरचं असतं. रगडो बाल्कनीत आहे, वर मोगऱ्याची कुंडी.

म्हापसा

वास्कोच्या बाई, तुमचं पुढे काय झालं? चवथ होऊन गेली मधे.

वास्को

काही नाही. ती आली होती चवथीला. गणपतीवरची माटोळी बांधायला मी वर चढले तेव्हा शिडी तिने धरली. नारळ, सुपारीची घोसं, सगळं खालून एकेक करून दिलं. नऊपर्यंत चाललं. बोललो नाही.

जाताना माझ्या फास्टॅगवर पाचशे रुपये भरलेत, तो मेसेज तेवढा आला.