टर्बो गाडीला 'बॅक प्रेशर' लागतं म्हणे!

बूस्टवेडा: काल इथे घाटकरीने छातीठोकपणे लिहिलंय, 'टर्बोलाही बॅक प्रेशर (एक्झॉस्टमधल्या अडथळ्याचा उलटा दाब) हवंच, एक्झॉस्ट मोकळा केला की टॉर्क मरतो.' साफ चूक! टर्बाइन, म्हणजे टर्बोचा एक्झॉस्टवर चालणारा पंखा, फिरतं ते आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकावर. टर्बाइननंतर अडथळा कमी, तर फरक जास्त आणि बूस्ट (टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेचा जादा दाब) लवकर. पोलोचं 1.0 टीएसआय हे टर्बो पेट्रोल इंजिन घ्या. 999 सीसी, टर्बोशिवाय 5,000 आरपीएमला मिनिटाला फार तर 2,500 लिटर हवा ओढेल. एक बार बूस्टला जवळपास दुप्पट हवा भरते, म्हणून तर 110 पीएस ताकद मिळते. तेवढं सगळं बाहेर कुठून जाणार?

घाटकरी: माझ्या मित्राने मागचा मफलर काढून मोठा कॅन बसवला. खंबाटकी चढताना माझी स्टॉक (कंपनीतून आली तशी) गाडी त्याच्या पुढे. हे कसं?

बूस्टवेडा: कारण मफलर हे शेवटचं टोक. खरी कोंडी टर्बोलगतच्या डाउनपाइपात (एक्झॉस्टच्या पहिल्या नळीत) आणि कॅटमध्ये (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) असते. शिवाय ठरलेला बूस्ट झाला की ईसीयू (इंजिनाचा संगणक) वेस्टगेट उघडतो, म्हणजे टर्बाइनला वगळून धूर सोडणारी झडप. रिमॅप (ईसीयूच्या प्रोग्रॅममध्ये बदल) नसेल तर मिळतो फक्त आवाज.

रात्रपाळी: 'फक्त' आवाज? रात्री एक वाजता आमच्या इमारतीखालून सायलेन्सरचे फटाके फोडत जातात हे लोक. तान्हं बाळ दचकून उठतं, मग पहाटेपर्यंत आम्ही जागे. आणि कॅट काढला की कार्बन मोनॉक्साइड सरळ रस्त्यावर. मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम 52 वाचलंय का कुणी?

बूस्टवेडा: कॅट काढा असं मी कुठे म्हटलं? हाय-फ्लो कॅट मिळतो.

रात्रपाळी: त्यात जाळी विरळ, म्हणजे धूर साफ करायला पृष्ठभागच कमी. पळवाटा सांगू नका.

घाटकरी: पीयूसीवाला नळी न घालताच कागद हातात देतो, तिथे कलमं कसली सांगता!

रात्रपाळी: तो चोर म्हणून तुम्हीही? धूर माझ्या मुलाच्या नाकात जातो, साहेब.

गॅरेजअण्णा: भांडा, पण एक ऐका. 1.5 टीएसआय गाडी कंपनीतूनच 250 एनएम टॉर्क देते आणि तिच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मर्यादाही 250च. रिमॅप करून आलेली पोरं नंतर क्लच जळाला म्हणून माझ्याकडेच येतात. वर बॉनेटखाली उघडा कोन एअर फिल्टर, म्हणजे इंजिनाचीच गरम हवा आत. नॉक झालं, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटलं, की ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. गेली ताकद!

बूस्टवेडा: गिअरबॉक्सचं मान्य, अण्णा. म्हणून मॅन्युअल घ्यावी.

घाटकरी: ठीक, बॅक प्रेशरचा हट्ट सोडला. पण डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद दाखवल्याशिवाय वाढीव हॉर्सपॉवर मी मानणार नाही.

रात्रपाळी: डायनोचा कागद राहू द्या. आवाज किती डेसिबल, ते आधी सांगा.