राज्याच्या विधिमंडळात आमदारांना भेटायला जायचे आहे. इमर्जन्सी डॉक्टरने काय बोलावे?

रात्रपाळी:
मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधील एका राज्यात इमर्जन्सी मेडिसिनच्या रेसिडेन्सीच्या (म्हणजे रुग्णालयात काम करत घ्यायच्या विशेषज्ञ प्रशिक्षणाच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स या आमच्या संघटनेची राज्य शाखा वर्षातून एकदा सभासदांना राजधानीत नेते आणि ज्याच्या त्याच्या भागातील आमदाराशी भेट ठरवून देते. यंदा माझे नाव यादीत आहे. प्रत्येक इमर्जन्सी विभागात चोवीस तास डॉक्टर हजर असलाच पाहिजे, असा कायदा व्हावा ही मुख्य मागणी आहे. त्याखालोखाल खाट रिकामी नाही म्हणून कॉरिडॉरमध्ये तासन्‌तास पडून राहणाऱ्या रुग्णांचा प्रश्न आहे.

मुंबईत शिकताना आमदार ही व्यक्ती मला "साहेबांचा पेशंट आहे, खाट बघा" एवढ्या निरोपापुरतीच माहीत होती, त्यामुळे उलट आपण त्यांच्या दारी जायचे ही कल्पनाच मला अवघड वाटते आहे. शिवाय मी व्हिसावर आहे, मला मताचा अधिकार नाही. माझे कोणी का ऐकावे, आणि अशा भेटींतून खरोखर काही घडते का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

पावसाळी किनारा:
घडते, पण कसे घडते ते समजून घेण्यासाठी आमच्या वॉशिंग्टन राज्याचे उदाहरण पाहावे. २०११ साली राज्याच्या तिजोरीत खडखडाट होता, आणि मेडिकेडच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, खर्चाला कात्री लावण्यासाठी सरकारने असे ठरवले की 'इमर्जन्सी नसलेल्या' कारणासाठी रुग्ण वर्षात तीनपेक्षा अधिक वेळा आला तर पुढचे पैसे द्यायचे नाहीत. इमर्जन्सी नसलेले म्हणजे काय, हे ठरवायला शेकडो निदानांची यादी तयार केली गेली. खरी मेख इथेच होती. मध्यरात्री छातीत कळ आलेला माणूस निदान हातात घेऊन येत नाही. ईसीजी आणि रक्ततपासणी झाल्यावर ते पित्त निघाले, तर ते पित्त होते हे आपल्याला पहाटे कळते, त्याला घरून निघताना कळणे शक्य नसते. सर्वसामान्य समजुतीच्या माणसाला त्या क्षणी जी लक्षणे धोक्याची वाटतील ती इमर्जन्सी, हे तत्त्व मेरीलँडसारख्या राज्याने नव्वदच्या दशकाच्या आरंभी कायद्यात आणले होते आणि १९९७ मध्ये केंद्रीय कायद्याने मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) व मेडिकेडच्या मॅनेज्ड केअर योजनांनाही, म्हणजे ठरावीक डॉक्टर-रुग्णालयांमार्फत उपचार देणाऱ्या विमा योजनांनाही, ते लागू केले होते.

आमची शाखा न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर २०११ मध्ये, नियम करण्याची रीतसर प्रक्रिया पाळली नाही या मुद्द्यावर, ती योजना थांबली. त्यावर सरकारने त्याहून कडक योजना आणली: तीनची मर्यादाही नाही, अनावश्यक ठरलेल्या एकाही भेटीचे पैसे नाहीत. १ एप्रिल २०१२ ला ती लागू व्हायची होती. गव्हर्नर क्रिस्टीन ग्रेगॉयर यांनी ऐनवेळी तिला स्थगिती दिली.

ही स्थगिती मिळाली याचे कारण असे की तोवर इमर्जन्सी डॉक्टर, राज्याची वैद्यकीय संघटना आणि रुग्णालयांची संघटना यांनी एकत्र येऊन पर्याय मांडला होता. रुग्णालयांनी रुग्णांच्या भेटींची माहिती संगणकावर एकमेकांना द्यायची, वारंवार येणाऱ्या रुग्णांसाठी उपचाराचा आराखडा आधीच ठरवायचा, अफूजन्य वेदनाशामके लिहिताना ठराविक शिस्त पाळायची, अशा एकंदर सात गोष्टी विधिमंडळाने अर्थसंकल्पातच घातल्या. पहिल्या वर्षी मेडिकेड रुग्णांच्या इमर्जन्सी भेटी सुमारे १० टक्क्यांनी कमी झाल्या आणि राज्याने सुमारे ३.४ कोटी डॉलरची बचत जाहीर केली. नुसते "आमचे पैसे कापू नका" म्हणत बसलो असतो तर त्या टंचाईच्या वर्षी कोणी दारातही उभे केले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

फाइलवाला:
मी काही वर्षे एका राज्य सिनेटरच्या कार्यालयात काम केले आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजू सांगतो. तुमची भेट बहुधा आमदारांशी न होता पंचविशीतल्या एखाद्या सहायकाशी होईल, आणि तीही दहा मिनिटांची, कदाचित कॉरिडॉरमध्ये उभ्या-उभ्या. त्यात अपमान मानू नका. संध्याकाळी आमदारांपुढे जाणारी टिपणी तोच लिहितो. हातात एकच कागद द्यावा, त्यावर सर्वांत वर विधेयकाचा क्रमांक आणि "पाठिंबा द्या" की "विरोध करा" हे दोन शब्दांत असावे. मतदारसंघातील रुग्णालयाचे नाव घेऊन बोलावे, पण रुग्णाची ओळख पटेल असा एकही तपशील देऊ नये.

तुमच्या विषयात तुम्हाला आयता आधार आहे. इंडियानाने २०२३ मध्ये इमर्जन्सी विभागात डॉक्टर प्रत्यक्ष हजर असण्याची सक्ती केली, आणि व्हर्जिनियाने २०२४ मध्ये मंजूर केलेला तसाच कायदा १ जुलै २०२५ पासून लागू झाला. मात्र सहायकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आमच्या तालुक्याच्या गावी असा डॉक्टर मिळणार कुठून, आणि त्याचा पगार कोण देणार?" याचे उत्तर नसेल तर कागद टोपलीत जातो.

व्हिसाबद्दल: आमदाराला भेटून आपले म्हणणे मांडायला नागरिकत्व लागत नाही. निवडणूक निधीला वर्गणी देणे मात्र, ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी व्यक्तीला केंद्र, राज्य आणि स्थानिक अशा कोणत्याही पातळीवर निषिद्ध आहे, तेव्हा संघटनेच्या राजकीय निधीची पावती कोणी पुढे केली तर नम्रपणे नकार द्यावा.

कडू काढा:
वरील प्रतिसादांत आपली बाजू नेहमीच रुग्णाची बाजू असल्यासारखे चित्र उभे राहते, म्हणून थोडा विरस करतो. रुग्णालय विम्याच्या जाळ्यातले, म्हणजे विमा कंपनीशी दरांचा करार केलेले, पण तिथला इमर्जन्सी डॉक्टर जाळ्याबाहेरचा, त्यामुळे रुग्णाच्या घरी हजारो डॉलरचे बिल, हा प्रकार या देशात वर्षानुवर्षे चालला. न्यूयॉर्कने २०१४ च्या कायद्याने रुग्णाला त्यातून बाजूला काढले आणि डॉक्टर व विमा कंपनी यांनी आपापला आकडा त्रयस्थ लवादापुढे ठेवावा, त्यातला एक त्याने निवडावा, अशी सोय केली; केंद्राचा कायदा लागू व्हायला २०२२ उजाडले. या वादात विमा कंपन्यांनी हात आखडता घेतला हे खरे आहे, पण त्या बिलांवर आपल्यातल्या काहींचे पोट भरत होते हेही तितकेच खरे आहे. समोरचा सहायक हे जाणून असतो. आपला स्वार्थ आहे तिथे तो आधीच सांगून टाकलेला बरा, कारण मग उरलेल्या बोलण्यावर त्याचा विश्वास बसतो.

इकडचा:
पुण्याहून लिहीत आहे. आमच्याकडे हे उलट्या क्रमाने होते. राजस्थानात २१ मार्च २०२३ रोजी आरोग्याच्या अधिकाराचे विधेयक मंजूर झाले. आगाऊ पैसे न घेता इमर्जन्सी उपचार केल्यावर ते पैसे कोण देणार, या प्रश्नावर खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले आणि ४ एप्रिलला पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांना वगळण्याची तडजोड झाली. दोन आठवडे हाल झाले ते रुग्णांचे. महाराष्ट्रातही डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण अपघात विभागात रात्री डॉक्टर किती असावेत, हे सांगण्यासाठी आमदाराच्या दारी गेलेला डॉक्टर निदान माझ्या ओळखीत नाही. तुम्ही जाऊन आलात की तो एक कागद इथे जरूर टाका.

रात्रपाळी:
सर्वांचे आभार. "पगार कोण देणार" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. शाखेकडे चौकशी केली तर लहान रुग्णालयांच्या खर्चाचा हिशेब त्यांच्याकडेही तयार नाही, असे कळले. तो मागितला आहे. तो हाती आला नाही तर मी दुसरा विषय, कॉरिडॉरमधल्या रुग्णांचा, आधी घेईन. भेट सकाळी साडेदहाची आहे आणि आदल्या रात्री मला पाळी लागली आहे, ती कोणाशी तरी बदलून घ्यावी लागेल.