अनुभव धागा : गणपतीला रेल्वेने कोकणातलं गाव गाठायचं स्वस्तातलं तिकीट

माजघर
कपाट आवरताना आजोबांच्या डायरीत पुठ्ठ्याचं जुनं तिकीट सापडलं. पिवळट, कडेला चिमट्याची खाच. ते बघून धागा काढावासा वाटला, कारण तारखा जवळ येतायत आणि घरोघरी तोच प्रश्न, "तिकिटं कधी उघडणार?" ज्यांना या कामाची नीट माहिती आहे त्यांनी इथे लिहा. स्लीपर, जनरल, टू-एस (बसून जायचा आरक्षित डबा), स्वस्तातलं काहीही. पण नेमकं लिहा, "लवकर काढा" एवढंच नको.

सुरुवात मीच करते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आधीचे १२० दिवस विसरा. प्रवासाचा दिवस धरायचा नाही. यंदा, २०२६ ला, चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. १२ सप्टेंबरला निघणाऱ्या गाडीचं आरक्षण १४ जुलैला सकाळी ८ वाजता उघडेल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच गोल करून ठेवा.

रुळाकडेला
माजघरताई, यात एक मोठी मेख आहे. ६० दिवस मोजायचे ते गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून. तुम्ही चढता त्या तारखेपासून नाही.

कोकणकन्या घ्या. सीएसएमटीहून रात्री अकराच्या सुमारास सुटते, पनवेलला पोचेपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. म्हणजे ११ च्या रात्री सुटलेली गाडी पनवेलला १२ तारखेची. पनवेलवाल्याने ॲपमध्ये तारीख १२ टाकायची, पण आरक्षण उघडतं १३ जुलैला. जो १४ ला बसतो त्याच्या हाती वेटिंग येतं आणि तो नशिबाला दोष देतो.

तुतारीचं उलटं. दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. शुक्रवारी रात्री जेवून निघणार असाल तर तिकीट शनिवारचं हवं. शुक्रवारचं काढलंत तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते, आणि गेलेल्या गाडीचे पैसे परत मिळत नाहीत.

खिडकीवाली
हे पनवेलचं सोन्यासारखं सांगितलंत! मंगलालाही तेच लागू. ती निजामुद्दीनहून सुटून दुसऱ्या दिवशी पनवेल, रत्नागिरी करते, म्हणून तिचंही आरक्षण आपल्या हिशेबाच्या एक दिवस आधी उघडतं.

भाकरी_चटणी
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. आठच्या आधी करायची तयारी :
आयआरसीटीसीचं (ऑनलाइन रेल्वे तिकिटाचं) खातं आधारशी जोडून पडताळणी करून ठेवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून आरक्षण उघडल्यावरची पहिली १५ मिनिटं फक्त आधार पडताळलेल्या खात्यांना दिली, नंतर ती वेळ आणखी वाढवली. आधार नसेल तर त्या दिवशी आठ वाजता बसून उपयोग नाही.
सगळ्यांची नावं, वयं 'मास्टर लिस्ट'मध्ये आधीच भरा. आठ वाजता नावं टाईप करत बसलात की स्लीपर गेलं.
एका तिकिटावर सहाच जण. आठ जण असतील तर दोन फोन, दोन खाती, चार-चार.
पैसे यूपीआयने. विनावातानुकूलितला सुविधा शुल्क १० रुपये, कार्डाने भरलं तर १५, वर जीएसटी. शिवाय ओटीपीची वाट बघावी लागत नाही.

भाकरी_चटणी
आणि हो, 'ऑटो अपग्रेड'वर (जागा उरली तर वरच्या वर्गात बर्थ) खूण करा. फुकट आहे.

तांबडी_माती
लहान मुलांचं कुणी सांगेल का? पोरगी सात वर्षांची.

माजघर
५ पूर्ण ते १२ च्या आत असेल आणि वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं भाडं. ॲपमध्ये मुलाचं नाव भरताना बर्थ नको हा पर्याय निवडावा लागतो, आपोआप होत नाही. बर्थ घेतला की पूर्ण भाडं. पाचच्या आतलं मूल बर्थ न घेता फुकट. रात्रभराच्या गाडीला सात वर्षांच्या पोरीला बर्थ घ्याच ग, एका बर्थवर दोघींना झोप लागत नाही.

तांबडी_माती
खूप आभार ताई 🙏

दिवा_फास्ट
स्वस्तात म्हणताय तर गाडीचा नंबर वाचायला शिका. १२, २० किंवा २२ ने सुरू होणारी गाडी सुपरफास्ट, तिला अधिभार लागतो : सेकंडला १५, स्लीपरला ३०, थ्री एसीला ४५ रुपये. मांडवी १०१०३, म्हणजे अधिभार नाही. कोकणकन्या आता २०१११, म्हणजे आहे. माणशी ३० रुपये, सहा जण, जाऊन-येऊन ३६०. गावाला गेल्यावर तेवढ्यात नारळ येतात.

जनरलवाल्यांनी हे जास्त सांभाळायचं. मेल-एक्सप्रेसचं तिकीट घेऊन सुपरफास्टच्या जनरल डब्यात बसलात तर टीसी फरक आणि दंड लावतो. ॲपमध्ये तिकीट काढताना गाडीचा प्रकार विचारतात, तिथे घाईत चुकीचं बोट पडतं.

रुळाकडेला
दिवा_फास्ट, जनरलचं पुढे लिहा ना, ते तुम्हाला जास्त ठाऊक.

दिवा_फास्ट
लिहितो. २०० किलोमीटरच्या आतलं जनरल तिकीट काढल्यापासून तीन तासांत प्रवास सुरू करायचा. त्यापुढच्या अंतराचं खिडकीवर तीन दिवस आधी मिळतं. रत्नागिरी, कणकवली, कुडाळ सगळी त्यात बसतात. गर्दीच्या दिवशी खिडकीवर उभं राहण्यापेक्षा दोन दिवस आधी काढून ठेवा.
मोबाईलवरचं कागदविरहित तिकीट असेल तर ॲपमध्येच दाखवायचं, स्क्रीनशॉट चालत नाही. ते रद्दही होत नाही.
दिव्याहून सुटणाऱ्या सावंतवाडी आणि रत्नागिरी गाड्या खिशाला सर्वांत हलक्या. पण चढायचं दिव्यालाच. पनवेलला जागा मिळेल ही आशा गणपतीत ठेवू नये, दार उघडत नाही आतून.

खिडकीवाली
ते दार 😔 बाया-पोरं घेऊन पनवेलला फलाटावर राहिलेली माणसं बघवत नाहीत. आतल्यांनी दार उघडावं, एवढंच म्हणते.

नारळीपौर्णिमा
मांडवीत खायला अजून मिळतं का पूर्वीसारखं? त्या गाडीचं नावच खाण्यासाठी होतं.

भाकरी_चटणी
मिळतं. पण सहा जणांचं विकत घ्यायचं तर तिकिटाचे वाचलेले पैसे तिथे जातात. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. दही घालून मळलेले धपाटे दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, पाणी घालून मळले की कडक होतात.

नारळीपौर्णिमा
दह्याचं माहीत नव्हतं, करते.

कोटा_समजून_घ्या
वेटिंगचे प्रकार कुणी सांगितले नाहीत, सगळं तिथेच अडतं. वेटिंग १५ म्हणजे सगळीकडे सारखं नसतं.

जीएनडब्ल्यूएल ही गाडीच्या सुरुवातीपासून लांबच्या प्रवासाची यादी, ती भराभर सरकते. पीक्यूडब्ल्यूएल मधल्या स्टेशनांची, तिचा कोटा छोटा, जवळपास सरकतच नाही. टीक्यूडब्ल्यूएल तत्काळची, तिच्यावर भिस्त नको. कुडाळचं काढताना पीक्यूडब्ल्यूएल ४० दिसत असेल तर त्याच गाडीचं सीएसएमटी ते मडगाव काढून बघा. तिथे जीएनडब्ल्यूएल किंवा थेट जागा असू शकते. भाडं थोडं जास्त पडतं, पण उतरायला कुडाळला उतरा, कोणी अडवत नाही. चढायचं पनवेलला असेल तर बोर्डिंग ऑनलाइन बदला. चार्ट (जागावाटपाची शेवटची यादी) हल्ली खूप आधी लागतो, म्हणून हे आदल्या दिवशीच उरका. आणि एकदा बदललंत की मूळ स्टेशनवर चढायचा हक्क गेला, हे घरातल्या सगळ्यांना सांगा.

ऑनलाइन तिकिटावर सगळेच वेटिंगवर राहिले तर ते चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं, त्यावर गाडीत चढू नका. आरएसी (दोघांत एक बर्थ) असेल तर निर्धास्त जा, बसायला जागा नक्की.

तांबडी_माती
कोकणचं भाडं तेवढ्याच अंतराच्या दुसऱ्या मार्गापेक्षा जास्त का वाटतं? की मलाच वाटतं?

कोटा_समजून_घ्या
बरोबर वाटतं. रोहा ते ठोकूर ही कोकण रेल्वेची हद्द. तिथे भाड्यासाठी अंतर ४० टक्के वाढवून धरतात. १०० किलोमीटर गेलात की १४० चे पैसे. बोगदे-पूल बांधायला झालेल्या खर्चापोटी हे सुरू झालं. मार्ग १९९८ साली पूर्ण सुरू झाला, आता तरी ही वाढ काढावी असं माझं स्पष्ट मत आहे. गणपतीला जाणारा चाकरमानी आणखी किती वर्षं भरणार?

दिवा_फास्ट
+१

खिडकीवाली
+१. आणि गणपती स्पेशल? नंबर ० ने सुरू झाला की समजायचं. विशेष भाड्याची असेल तर मूळ भाड्यावर सेकंडला १० टक्के आणि बाकी वर्गांना ३० टक्के जास्त. तिचं आरक्षण ६० दिवसांच्या हिशेबात नसतं, वेगळी तारीख जाहीर होते. नेहमीच्या गाडीत हुकलं तर तत्काळच्या आधी स्पेशल बघा.

रुळाकडेला
तत्काळ एका ओळीत : एसी १० वाजता, स्लीपर ११ वाजता, आदल्या दिवशी. आणि तो आदला दिवसही गाडी सुटते त्या तारखेचा! स्लीपरला १०० ते २०० रुपये जास्त. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर छदाम परत नाही. तिकिटावर चारच जण.

शेवटचा_डबा
परतीचं विसरू नका रे. सगळे जायचं काढतात, यायचं राहतं. तारखा ठरल्या की परतीचा साठावा दिवसही लिहून ठेवा. मडगाव-सावंतवाडीहून सुटणाऱ्या गाड्या रात्री बारानंतर चिपळूण-खेडला आल्या की तिथेही पनवेलचाच हिशेब.

नारळीपौर्णिमा
सामानाचं? येताना तांदूळ, कोकम, फणसपोळी, सगळं असतं.

शेवटचा_डबा
स्लीपरला माणशी ४० किलो मोफत, जनरलला ३५. तांदळाची एकच मोठी गोणी नको, दहा-दहा किलोच्या दोन पिशव्या सीटखाली सरकतात. कोकम आगळाची बाटली उभी आणि दोन पिशव्यांत. तिचा डाग सीटवरून जात नाही.

माजघर
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! पनवेलची १३ तारीख सासूबाईंना फोन करून सांगितली. रत्नागिरीला पहिल्यांदा रात्री उतरणाऱ्या कुणासाठी खूण आहे का? अंधारात स्टेशन कळत नाही.

रुळाकडेला
करबुडे बोगदा. साडेसहा किलोमीटरचा, मोबाईलची रेंज जाते आणि आवाज बराच वेळ बदललेला राहतो. मुंबईकडून येताना तो संपला की भोके, मग रत्नागिरी. बोगद्यात शिरलात की बॅगा खाली काढायला घ्या, पोरांना चपला घाला.