किरणाच्या घड्याळात किती वेळ गेला?

शुक्रवार पेठ: नोव्हेंबरच्या किरणोत्सवात लेकीला घेऊन अंबाबाईच्या देवळात गेले होते. मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात येताना बघून ती म्हणाली, "हा उजेड सूर्यावरून आठ मिनिटं वीस सेकंदांपूर्वी निघाला. पण वेगात जाणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं ना? मग किरणाच्या घड्याळात किती वेळ गेला?" नववीतल्या मुलीला काय सांगू?

रंकाळा९०: शून्य. प्रकाशाला वेळच नसतो.

निवृत्त मास्तर, राजारामपुरी: ताई, "शून्य" एवढंच सांगू नका. पोरगी पाठ करेल आणि प्रश्न तिथंच मरेल.

आधी म्युऑन बघा. वातावरणात साधारण १५ किलोमीटर उंचीवर वैश्विक किरणांच्या माऱ्यातून हे कण तयार होतात. सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रकाशाच्या वेगानं पळाले तरी ६६० मीटरच कापतील. तरीही ते जमिनीवर पोचतात, आत्ता तुमच्या-माझ्या अंगातून जात आहेत. आपल्या हिशेबानं त्यांचा काळ ताणला जातो. म्युऑनच्या बाजूनं बघितलं तर आयुष्य तेवढंच, पण १५ किलोमीटरचं अंतरच आखडून किलोमीटरभर होतं. दोन्ही हिशेब जुळतात, हे मला आजही फार सुंदर वाटतं. असा कण म्हणजे एक घड्याळच, धावताना तो उशिरा फुटणार, हे होमी भाभांनी १९३८ सालीच लिहून ठेवलंय. मुलांना हे आवर्जून सांगायला हवं.

आता प्रकाश. म्युऑनसोबत धावायची कल्पना करता येते, प्रकाशासोबत तीही करता येत नाही. तुम्ही कितीही पळा, तो तुमच्यापासून सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटरनंच लांब जाणार. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सिद्धांताचा पायाच तो. बरोबरीनं धावलात तर तो शेजारी थांबलेला दिसायला हवा, आणि तेच अशक्य. वेग जसा प्रकाशाच्या जवळ जातो तसं घड्याळ शून्याकडं झुकतं, इथवर रंकाळा९० बरोबर आहेत. पण किरणावर बसून वेळ मोजणारा कुणी असूच शकत नाही. आठ मिनिटं वीस सेकंद ही आपली मोजणी, आणि ती खरीच आहे.

पुणे लाईन: सर, मी ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर हाय. रोज पुण्याला जातोय. मग माझं घड्याळ पण मागं पडतंय काय?

निवृत्त मास्तर, राजारामपुरी: पडतंय की! ताशी ७२ किलोमीटरनं पुण्याला गेलात तर नुसत्या वेगामुळं सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा चाळिसावा हिस्सा. मनगटावरच्या घड्याळात ते कळायचं नाही. पण तुमच्या मोबाईलचा नकाशा ज्यावर चालतो त्या जीपीएस उपग्रहांची घड्याळं वेगामुळं दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागं पडतात आणि वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ नं पुढं जातात. ही ३८ ची तफावत सुधारावीच लागते. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर जातो.

शुक्रवार पेठ: सर, हे गणित तिला जमेल का?

निवृत्त मास्तर, राजारामपुरी: वर्गमूळ येतं ना? मग जमेल. वेग प्रकाशाच्या ०.८ पट धरा. त्याचा वर्ग ०.६४. एकातून वजा केला की ०.३६, वर्गमूळ ०.६. पृथ्वीवर १० वर्षं गेली तर यानात ६. मग तिला ०.९९ घालून करू दे, त्यानंतर ०.९९९. शेवटी १ घातला की काय होतं ते तिचं तिला बघू दे.