क्रोशाची सुटी टोकं : कोण कशी जिरवतं?

विणणं संपतं, टोकं संपत नाहीत. पट्ट्यांची शाल असो की ग्रॅनी स्क्वेअरची (क्रोशाचे चौकोन जोडून केलेली) चादर, रंग बदलला की दोन टोकं लोंबलीच. तुम्ही ती कशी लपवता, आणि धुतल्यावर टिकतात का? कॉटनवाल्यांनी आवर्जून लिहा.

– मी शेवटासाठी काही शिल्लक ठेवतच नाही. नवा रंग घेतला की दोन्ही टोकं मागच्या ओळीच्या माथ्यावर आडवी धरायची आणि त्यांच्यावरूनच पुढचे सात-आठ टाके घालायचे. मुक्या खांबात (बुटक्या, दाट टाक्यात) बेमालूम लपतात. उंच खांबांच्या फटीतून मात्र गडद रंग डोकावतो, तिथे सुईला पर्याय नाही.

– वरून विणलेलं टोक सरळ रेषेत पडून असतं, ओढ बसली की सुळकन बाहेर. मी किमान १५ सेंमी टोक ठेवते. बोथट, मोठ्या नेढ्याची सुई घ्यायची, ती टाक्यांच्या नुसती खालून न सारता धाग्याच्या पिळातून काढायची. चार-पाच सेंमी गेलं की शेवटचा पीळ ओलांडून उलट फिरायचं, मग तिसऱ्यांदा पुन्हा पुढे. कापण्याआधी विणकाम आडवं-उभं ताणायचं, टोक हवं तेवढं आत सरकतं. ताणण्याआधी कापलं तर तेच टोक नंतर उलट्या बाजूला मिशीसारखं उभं राहतं.

– मॅजिक नॉट, म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांभोवती गाठवून गाठी ओढून घट्ट जुळवायच्या. गाठ म्हटलं की लोक नाकं मुरडतात, मुरडू देत.

– गाठ लोकरीत खपेल, गुळगुळीत कॉटनमध्ये सरकते. कॉटनचं टोक मी उसवून दोन भाग करतो आणि ते वेगवेगळ्या दिशांना ओवतो. वेळखाऊ आहे, पण जाडी येत नाही.

– शुद्ध लोकर असेल तर सुईच नको! दोन्ही टोकं पिंजून एकमेकांवर ठेवायची, ओली करून तळहातांत चोळायची, तंतू एकजीव होतात. (ओली कशाने करायची ते विचारू नका.) ॲक्रिलिक, कॉटन, सुपरवॉश (मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली लोकर) यांवर चोळत बसलात तर फक्त हात दुखतील.

– अमिगुरुमीवाले (क्रोशाची कापूस भरलेली खेळणी करणारे) सुखी. टोक पोटात ढकलायचं, विषय संपला.

– बाळाचे मोजे, टोपडी विणणाऱ्यांनी आतली बाजू नीट तपासा. सुटलेला धागा इवल्या बोटाभोवती गुंडाळला तर रक्तपुरवठा अडतो, आणि बाळ का रडतंय ते कळत नाही. तिथे वरून विणण्यावर भागवू नका, पुढे, मागे, पुन्हा पुढे अशा तिन्ही फेऱ्या सुईनेच करा.